घ्यायचं नसेल तर पुढे

शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास घरातले दोन्ही फोन एकदमच वाजले. एक पुढच्या खोलीत, सकाळची शाळा उरकून खाटेवर आडव्या झालेल्या धर्मेंद्र सरांच्या छातीवर. दुसरा स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर. प्रतिभाचे हात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठात होते. फोन वाजला म्हणून भाकर सोडून धावणारी ती नव्हे, पण आज लखनच्या जुन्या वस्तू विकायच्या ग्रुपवर तिची मशीन पडायची होती. तिने करंगळीने पडदा सरकवला. पडली होती. 'वस्तू क्र. ४१८. पायाची शिलाई मशीन, काळी. सागवानी टेबल. मोटर बसवलेली. जाड कापड शिवते. भाव ८५००.' खाली तिनेच काढलेला फोटो. मशीन त्यात जरा तिरकी आली होती, पण चकचकीत दिसत होती. प्रतिभाला बरं वाटलं. तिने भाकर उलटली. भाकर फुगते न फुगते तोच फोन पुन्हा वाजला, आणि या वेळी फक्त तिचाच वाजला, कारण हा मेसेज पुढच्या खोलीतून आला होता. 'नमस्कार. हा भाव योग्य वाटत नाही. आमच्या घरी अगदी अशीच मशीन आहे. तिला आम्ही नऊशे रुपयांत मोटर बसवून घेतली. अशा जुन्या मशीनचे चार हजारांच्या वर कोणीही देऊ नयेत. गैरसमज नसावा. धर्मेंद्र सर.'

पहिल्यांदा तिला हसू आलं. ते खरंच आलं, नाकातून फुस्सकन. खाटेपासून मागच्या पडवीतली मशीन तेरा पावलांवर होती. हा हिशेब सरांचाच, कारण पडवीला फरशी बसवताना त्यांनी पावलांनी घर मोजलं होतं. फोटोत मशीनच्या मागे भिंत होती, आणि भिंतीवर पांढऱ्या सिमेंटचं जे ठिगळ होतं ते दोन वर्षांपूर्वी सरांनी स्वतः, लुंगी खोचून, दुपारभर बसून लावलं होतं. एकोणीस वर्षं ती मशीन त्यांच्या झोपेच्या उशाशी चालली. मुलीचे, भूमिकाचे, सगळे फ्रॉक तिच्यावर झाले. आणि माणूस म्हणतो, आमच्या घरी अगदी अशीच आहे. हसू ओसरलं तेव्हा त्याच्या खाली काय होतं ते प्रतिभाला दिसलं, आणि ते काही हसण्यासारखं नव्हतं. तव्यावरची भाकर करपली. तिने ती आपल्या ताटात ठेवली आणि दुसरी टाकली.

लखनचं मोबाईल रिपेअरिंगचं टेबल होतं, आणि वर हा ग्रुप. नंदुरबारपासून शहादा-तळोद्यापर्यंतची नऊशे माणसं त्यात. सायकली, कूलर, पाळणे, पाण्याच्या मोटारी, एकदा तर कुणाचा लग्नातला कोटही. वस्तू सगळ्या लखनच टाकायचा, नंबर देऊन; विकणाऱ्याचं नाव नाही, फोन नाही. बायाबापड्यांना नको ते फोन येतात म्हणून त्याने ही सोय केली होती. घ्यायचं असेल त्याने लखनला कळवायचं, लखन पत्ता द्यायचा. आणि ग्रुपच्या माथ्यावर नियम लिहिलेला होता: 'भावावर बोलू नये. घ्यायचं नसेल तर पुढे जावे.' नऊशेतले आठशे नव्व्याण्णव लोक हा नियम पाळत. उरलेल्या एकाने लखनला आठवी ते दहावी गणित शिकवलं होतं, आणि त्यामुळे त्यांचा मेसेज उडवायला लखनचा हात धजत नसे.

सर काही वाईट माणूस नव्हते. हे प्रतिभाने मनाशी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, आणि ते खरंच होतं. कुणाची फसवणूक होऊ नये, एवढीच त्यांची तळमळ. मागे एका पोराला त्यांच्या एका ओळीमुळे जुन्या सायकलचे दीड हजार वाचले, आणि त्याचा बाप पेढे घेऊन आला होता. पण सायकल विकणाऱ्याकडून कोण काय घेऊन गेलं, ते कुणाला कळलं? ती जेवायला वाढत होती, सर वाटीत तर्जनी बुडवून मीठ पाहत होते, आणि तिच्या मनात गोष्ट हळूहळू निवळत चालली होती. बाजारात घासाघीस करणारा माणूस वेगळा. तो तोंडावर बोलतो. वीसची कोथिंबीर का गं बाई ही, म्हणतो, उठून जातो, परत येतो. भाजीवालीही त्याला चार शब्द सुनावते. तो खेळ आहे आणि त्या खेळात त्याच्या खिशात पैसे असतात. हे ग्रुपवरचं मात्र निराळं होतं. बोलणाऱ्याला काही घ्यायचंच नसतं. तो विकणाऱ्याशी बोलत नाही, त्याच्या मागे उभ्या असलेल्या गर्दीशी बोलतो. त्याच्या खिशातलं काही जात नाही, फक्त तोंड जातं. "मीठ कमी शे," सर म्हणाले. तिने मिठाची बरणी पुढे केली.

आणि तो नऊशेचा आकडा. घशात खवखवत होतं; गावाबाहेर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्या अजून उचलल्या नव्हत्या, वारं तिकडून फिरलं की सगळं नंदुरबार खोकायचं. पण आताची खवखव मिरचीची नव्हती. मोटर नऊशेची नव्हतीच. बावीसशेची होती. नऊशे तिनेच सांगितले होते. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात तिने स्टीलच्या सहा वाट्या आणल्या, नव्वद रुपयांच्या, आणि सासऱ्यांसमोर, दिरासमोर सर म्हणाले होते, "ठगी लिधं तुले." मग स्वतः वाट्या घेऊन दुकानात गेले आणि पंधरा रुपये परत आणले. ते पंधरा रुपये त्यांनी तिच्या तळहातावर मोठ्या प्रेमाने ठेवले होते. प्रेमानेच; हेच तर अवघड होतं. त्या दिवसापासून प्रतिभा भाव कापून सांगू लागली. साडी अकराशेची असली तर सातशे. कुकर दोन हजारांचा असला तर तेराशे. आधी जीभ अडखळायची, मग सवय झाली, मग तिलाच मजा वाटू लागली. चिठ्ठ्या फाडायच्या, पिशव्या बदलायच्या. सर खूश असायचे. आपल्या बायकोला बाजार कळतो असं शाळेत सांगायचे. तेवीस वर्षांत त्यांच्या डोक्यात जगाचा जो भाव बसला होता तो प्रतिभाने बसवलेला होता, आणि आज तोच भाव नऊशे लोकांसमोर तिच्या मशीनच्या मानेवर येऊन पडला. म्हणतात ना, करावं तसं भरावं. पण भरायचं म्हणजे काय करायचं, हे म्हणीत कुठे सांगितलेलं नसतं.

सर पुन्हा आडवे झाल्यावर तिने मागच्या दाराशी जाऊन लखनला फोन लावला. तो बिचारा आधीच घामाघूम होता. मशीन कुणाची हे त्याला माहीत होतं, सरांना माहीत नाही हेही त्याला कळलं होतं, आणि दोन्हीच्या मधे तो सापडला होता. "वहिनी, सरले मी कसं सांगू?" तो म्हणाला. म्हसावदकडून एक बाई विचारत होती, उद्या येते म्हणाली होती. सरांचा मेसेज पडल्यापासून गप्प झाली. भाव थोडा उतरवून सात करू का, लगेच जाईल. प्रतिभा पडवीत उभी होती. समोर मशीन, तिच्यावर चादर, चादरीवर सरांचा ओला टॉवेल. सर रोज पाय धुऊन टॉवेल तिथेच टाकायचे. तिने सातचा विचार केला. सात काही वाईट नव्हते. पण साडेआठ तिने उगीच म्हटले नव्हते. मोटर खरी बावीसशेची, शटल नवं, टेबल सागाचं, आणि मशीन अशी की आठ घड्यांवरून सुई बिनबोभाट जाते. शिवाय तिला भिकुबाईच्या गाळ्याची अनामत द्यायची होती. भिकुबाई शिलाईचं दुकान सोडून मुलाकडे सुरतेला चालली होती; स्टेशनच्या गल्लीतला अर्धा गाळा, आत पॉवरची मशीन आणि बांधलेली गिऱ्हाइकं, सगळं एक तारखेच्या आत अनामत आली तर प्रतिभाचं. साडेआठ आले तर सरांना काही विचारावं लागणार नव्हतं. कमी आले तर विचारावं लागेल, आणि विचारलं की सर कागद-पेन घेऊन बसतील, गाळ्याचा भाव काढतील, भिकुबाईला जाऊन भेटतील, आणि संध्याकाळी तिच्या तळहातावर पंधरा रुपये ठेवतील. गाळा मग त्या पंधरा रुपयांचा होईल. "भाव तोच," ती लखनला म्हणाली. "खाली लिख, भाव तोच शे." लखनने लिहिलं. पुढच्या खोलीत सरांचा फोन वाजला आणि सर झोपेतच हुंकारले.

संध्याकाळी सर पाय धुवायला पडवीत आले. ती मुद्दाम तिथेच डाळ निवडत बसली होती, आणि चादर तिने काढून ठेवली होती. मशीन उघडी, अगदी फोटोतल्यासारखी तिरकी, भिंतीवर ठिगळ. आता दिसेल, ती मनात म्हणाली. सरांनी पाय धुतले, बोटांच्या बेचक्या पुसल्या, टॉवेल मशीनच्या चाकावर टाकला आणि ग्रुपवर एक माणूस साडेआठ हजारांना भंगार विकतोय, आणि वर भाव तोच म्हणतोय, असं तिला सांगितलं. मस्ती शे लोकसले, म्हणाले. प्रतिभा हूं म्हणाली. तिला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण रागाच्या तळाशी एक जुनी लाज हलली, कारण दुसऱ्याचा भाव चारचौघांत उघडा करण्याची करामत तिने सरांच्या कितीतरी आधी करून ठेवली होती. त्या वेळी ती नऊ वर्षांची होती.

सारंगखेड्याची यात्रा. मार्गशीर्षातली थंडी, तापीकाठची धूळ, घोड्यांच्या लिदीचा उबदार वास. तिचे वडील, रतिलाल बापू, शेतकरी माणूस, दलाल नव्हेत. पण दोन्ही बाजूंचा विश्वास म्हणून लोक त्यांना सौद्याला मधे बसवत. बापूंनी तिला घरी खेळ म्हणून बोटांचा भाव शिकवला होता: सबंध पंजा धरला की पाच, मग एकेक बोट वाढवायचं, मधल्या पेरावर दाबलं की अर्धा. हजार की शेकडा, ते जनावर पाहून दोघांनाही कळतंच. वरून उपरणं टाकायचं म्हणजे आजूबाजूच्यांना पत्ता लागत नाही. त्या दिवशी डोंगरातला एक माणूस तांबडी घोडी घेऊन आला होता, कपाळावर पांढरा टिळा असलेली. नवलसिंग त्याचं नाव. बापूंनी त्याचा हात उपरण्याखाली घेतला. भोवती दहा-पंधरा माणसं उभी, आणि घेणारा, शहाद्याचा एक व्यापारी, शेजारी. उपरणं उभ्या माणसांपासून हात लपवायला पुरेसं होतं. पण प्रतिभा खाली बसली होती, घोडीच्या खुराजवळ वाळूत रेघा ओढत. तिने वर पाहिलं, तर उपरण्याच्या आतलं सगळं उघडं: नवलसिंगची काळी, भेगाळलेली बोटं बापूंच्या गोऱ्या बोटांना धरून होती. पाच, आणि दोन. तिला येत होतं ना! ती आनंदाने ओरडली, "बापू, सात! काल ते अशीच घोडी पाचमा गयी."

लोक हसले. तिला वाटलं शाबासकीचंच हसतायत. व्यापारीही हसला आणि मोठ्याने म्हणाला, पाचाला देतो का बोल. बस्स. त्यानंतर यात्राभर जो कोणी त्या घोडीपाशी आला तो पाचच म्हणत आला. नवलसिंगने तेव्हा डोक्याचं फडकं घट्ट बांधलं आणि घोडी घेऊन नदीकडे गेला. बापूंनी तिला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कित्येक वर्षं वाटे. ते तिला हाताला धरून नदीपर्यंत घेऊन गेले, नवलसिंगसमोर उभं केलं आणि स्वतःच आधी म्हणाले की चूक पोरीची आहे पण पोर माझी आहे. तिने माफी मागितली. शब्द तोंडातल्या तोंडात विरले. नवलसिंगने तिच्याकडे पाहिलं आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "पोरीला बोटं मोजता येतात. चांगलं आहे." त्याला सात कशासाठी हवे होते ते तिला कधीच कळलं नाही. परतीच्या गाडीतून गाव दिसू लागलं तेव्हा बापू म्हणाले, "सातच काबरं, हाई त्याले माहीत. आपले घेनं व्हई ते हात घालाना. घेनं नही ते पुढे जावानं." लखनने नियम लिहिला तेव्हा त्याला बापू माहीत असायचं कारण नव्हतं. जगात दोन माणसांना एकच शहाणपण वेगवेगळं सुचत असेल, किंवा मग ते शहाणपण कुणाचंच नसेल, बाजाराचं असेल. प्रतिभाने डाळीतला खडा काढून अंगणात फेकला. म्हसावदची बाई आली तर आली. न आली तर दुसरी येईल. भाव तोच.

आली. रविवारी सकाळी दहाला पिकअप दाराशी थांबली. गाडी गिऱ्हाइकांच्या नात्यातल्या बाज्याची होती. तो स्टिअरिंगवरच बसून राहिला, आणि मायलेकी उतरल्या. लेक सोनम, विशी-बाविशीची. म्हसावदच्या बाजारात डोंगरातल्या बायांची घागरा-पोलकी शिवणारी. आई फुलवंताबाई, पायात चांदीचे जाड वाळे, बोलायला कमी. दार सरांनी उघडलं. चारशे अठरा बघायची आहे, सोनम म्हणाली. सर हसले, घर चुकलं म्हणाले. तशी मशीन आमच्याकडे आहे खरी, पण ती विकायची नाही. मग जरा अभिमानाने हेही म्हणाले की ग्रुपवर त्या भावाबद्दल लिहिणारे ते मीच. सोनमने आईकडे पाहिलं. प्रतिभा पदराला हात पुसत मागून आली. "येऊ द्या त्यासले," ती म्हणाली, आणि मायलेकींना सरांच्या बाजूने काढून पडवीत घेऊन गेली. सर मागोमाग आले. चादर निघाली. त्यांनी मशीन पाहिली, मग ठिगळ पाहिलं, मग फोन काढला, फोटो मोठा केला, पुन्हा ठिगळ पाहिलं. वर्गात स्वतःच मांडलेलं उदाहरण चुकल्यावर फळ्यासमोर होत असेल तसा त्यांचा चेहरा झाला. प्रतिभाला त्या क्षणी त्यांची कीव आली, खरीखुरी. पण ती तिथेच ठेवून ती स्टुलावरची बरणी उचलायला वळली, कारण सोनमला बसायला जागा हवी होती.

सोनमने पिशवीतून घागऱ्याच्या घेराचा तुकडा काढला. भोंगऱ्याला बारा दिवस उरले होते. होळीआधीच्या त्या बाजाराला नेसायचे सतरा घागरे तिच्याकडे पडून होते, आणि तिची मशीन निऱ्यांवर अडत होती. तिने कापडाच्या चार घड्या घातल्या, सुईखाली सरकवल्या. गेली. सहा घातल्या. गेली. आठ घातल्या, आणि श्वास धरला. मशीन जराशी गुरगुरली आणि सुई आरपार निघाली. पडवी त्या आवाजाने भरली. त्याच आवाजात सर एकोणीस वर्षं दुपारची झोप काढत आले होते, आणि आता ते त्या आवाजासमोर दोन्ही हात लोंबते सोडून उभे होते. सोनमने दोरा तोडला, टाका नखाने ओढून पाहिला. चांगली आहे, ती आईला म्हणाली. मग प्रतिभाकडे वळून प्रामाणिकपणे सांगितलं की सरांनी चार लिहिलं तेव्हा ती येणारच नव्हती. पण आई म्हणाली, दुसऱ्याच्या तोंडाने कशाला, आपल्या डोळ्यांनी पाहू. फुलवंताबाई पुढे झाली. आता भावाचं बोलायचं. कुंपणापलीकडे शेजारच्या रूपचंदचं डोकं दिसू लागलं होतं. सरांनी घसा साफ केला.

"प्रतिभा, मोटर ते आपली..."

"तुमले घेनी शे का मशीन?" तिने विचारलं.

"मले? नही."

"मंग पुढे चाला."

आवाज चढला नव्हता. तिने चादरीबरोबर बाजूला काढलेला सरांचा टॉवेल उचलला, झटकला, आणि फुलवंताबाईच्या हातावर टाकला. क्षणभर सोनमला काही समजलं नाही. फुलवंताबाईला मात्र समजलं. ती बैलबाजारात वाढलेली बाई होती. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, आणि टॉवेलखाली तिने प्रतिभाचा पंजा धरला. तिची बोटं खरखरीत होती, भेगाळलेली. प्रतिभाला नदीकाठ आठवला. पोरीला बोटं मोजता येतात. पंजा, दोन बोटं. प्रतिभाने मान हलवली नाही, फक्त उत्तर दिलं: पंजा, तीन, आणि पेरावर दाब. मग बोटं इकडून तिकडे झाली, थांबली, पुन्हा झाली. एकदा फुलवंताबाईने हात सैल सोडला, जाणार असं वाटलं. प्रतिभानेही सैल सोडला. साडेआठाला चारावर आणणाऱ्यांशी झालेला तिचा सारा झगडा त्या सैल हातात होता. मग फुलवंताबाईने पुन्हा धरला. शेवटी दोघींनी एकमेकींच्या हाताला घट्ट दाब दिला, आणि टॉवेल निघाला. किती ठरले, ते त्या दोघींना ठाऊक. इथे सांगण्यात अर्थ नाही. ज्याला मशीन घ्यायची नव्हती त्याने पुढे जावं. सोनमने पैसे आईच्या हाती दिले, आईने पाठ वळवून मोजले आणि तसेच मुठीत प्रतिभाला दिले. प्रतिभाने न मोजता कमरेला खोवले. गाळ्याची अनामत झाली, एवढं मात्र सांगायला हरकत नाही. बाज्याने आणि सरांनी मिळून मशीन गाडीत चढवली. सरांनी मागून, काही न बोलता, टेबलाच्या कोपऱ्याखाली गोणपाटाची घडी ठेवली.

पडवीत फरशीवर चार पायांचे चार ठसे राहिले. जेवताना सरांनी मीठही बोटाने पाहिलं नाही. मग त्यांनी विचारलंच, "कितलाले गयी?"

"ते तिन्हं अन मन्हं," प्रतिभा म्हणाली. आणि ताटातला घास तसाच ठेवून पुढे म्हणाली, कारण हे आज नाही तर कधीच होणार नव्हतं: "मोटर बावीसशेनी व्हती. मी तुमले नऊशे सांगेल व्हतं."

सरांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत आकडेमोड चालू झालेली तिला दिसली. ती मोटरपाशी थांबली नाही. कुकरकडे गेली, पडद्यांकडे गेली, दिवाणावरच्या चादरीकडे गेली, आणि शेवटी त्यांच्याच छातीवर येऊन ठेपली. त्यांनी दोन बोटांत शर्टाचं बटण धरलं. "अन हाऊ?" त्यांनी विचारलं. साडेसातशे, ती म्हणाली. त्यांना साडेतीनशे सांगितले होते. सर आपल्याच घरात असे बसले होते जणू पाहुणे म्हणून आलेत आणि यजमानांनी अजून पाणी विचारलं नाही. प्रतिभाला वाटलं होतं की खरं बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. भीतीच वाटली. पण भीतीसकट तिने भाकर मोडली आणि खाल्ली.

दोन्ही फोन वाजले. '४१८ विकली. धन्यवाद.' सरांनी चष्मा लावला आणि उष्ट्या हाताने, एका बोटाने काही लिहू लागले. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तिचा फोन वाजला. 'भाव योग्य होता. माझी चूक झाली. धर्मेंद्र सर.' प्रतिभाने दोनदा वाचलं. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तेवीस वर्षांत या माणसाने चूक झाली असं चार माणसांत म्हटलेलं नव्हतं, आणि इथे तर नऊशे होते. वाटलं, राहू द्यावं. कुणाच्या काय बापाचं जातं? मग तिला म्हसावदच्या बाजारात बसलेली सोनम दिसली, आणि तिच्यासमोर उभी असलेली गिऱ्हाइकं: साडेआठाची घेतली का गं, मग शिलाई वाढवशील. कितीला, कितीला.

"काढा ते," ती म्हणाली.

"आते काय झायं? चांगलंच लिखं ना मी."

"चांगलं भी लिखानं नही. तो भाव तुमना नही."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. वाद घालतील असं तिला वाटलं. त्यांच्या ओठांची तशी ठेवण झालीही. मग त्यांनी अंगठा फोनवर दाबून धरला. त्यांच्या नावाखाली आता एवढंच उरलं की इथे एक मेसेज होता आणि तो काढलेला आहे.

मग प्रतिभाने कमरेचे पैसे काढून ताटाशेजारी ठेवले, त्यावर पाण्याचा तांब्या ठेवला, आणि भिकुबाईचा गाळा सांगितला. मी लिधा, म्हणाली. एक तारखेपासून. भाडं महिन्याला तीन हजार. तीन म्हणजे तीनच. दोन नाही, अठराशे नाही. खरा आकडा तोंडातून बाहेर पडला आणि तिने पाठ ताठ केली. आता येईल. ठगी लिधं तुले, येईल, कागद-पेन येईल. तेवीस वर्षांची सगळी उत्तरं तिने दातांमागे तयार ठेवली होती. सरांनी तोंड उघडलं. वारं पथाऱ्यांकडून फिरलं असावं, ते थोडे खोकले, पाणी प्यायले, आणि तांब्या पुन्हा पैशांवर नीट ठेवला.

"तठे उजेड कसा शे?" त्यांनी विचारलं. "सुईमा दोरा ओवाले तुले उजेड लागस."

उजेडाचं उत्तर तिने तयार ठेवलंच नव्हतं. तिने गाळा डोळ्यांसमोर आणला, पुढचं शटर, मागची जाळी, कोपऱ्यातली मशीन. "सकाळले चांगला येस," ती म्हणाली. "दुपारले बल्ब लावना पडी." सर बरं म्हणाले आणि बल्ब कुठे बसवायचा ते पाहायला उद्या शाळा सुटल्यावर येतो म्हणाले, आणि तिने त्यांच्या ताटात दुसरी भाकर वाढली.